बोरदरीचा झिरा

रविवार, २ मार्च २०२५, नांदेड

ही वही हनीफभाईंच्या हुकमानं सुरू केली आहे. "डॉक्टरबाई, गाडी कुठं फसली, कशी निघाली, लिहून ठेवा. डोकं इसरतंय," असं ते म्हणाले. म्हणून एका औषध कंपनीनं दिलेली गेल्या वर्षीची कोरी डायरी काढली. छापील तारखा खोडून नव्या घालायच्या.

तर गाडी. जुनी, हिरवी, चारही चाकांना जोर लागणारी जीप. बेचाळीस वर्षांच्या दाताच्या डॉक्टरीणबाईला डोंगर-नाल्यांतून गाडी चालवायचं खूळ कुठून सुचलं, असं सगळेच विचारतात. कारण साधं आहे. आठवडाभर मी माणसाच्या तोंडातल्या दोन इंचांत बघते, रविवारी तरी लांबचं बघावं असं वाटतं. नवरा, नागसेन, लातूरला बँकेत असतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. तो फोनवर म्हणाला, "हौसेला मोल नाही." टोमणा होता की कौतुक ते कळलं नाही. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे आता ऐतवारीबी घरी नसनार तू."

ते दिवसभर टोचत राहिलं. तसं मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. पेशंटला दहा मिनिटं ताटकळत ठेवलं तरी वाटतं, कोथिंबीर सडली तरी वाटतं. नागसेन म्हणतो, तुला एखादा खराखुरा गुन्हा करायला पाहिजे, म्हणजे ही किरकोळ टोचणी थांबेल.

हनीफभाईंचं गॅरेज देगलूर नाक्याला आहे, आजोबांपासून जीपच दुरुस्त करतात. आजपासून त्यांचे रोजे. तरी तासभर माळावर उन्हात उभे राहून शिकवलं. पहिला धडा, अंगठे स्टेअरिंगच्या आत घालायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. माझा अंगठा मोडला तर दवाखान्याला कुलूपच लागेल.

रविवार, ९ मार्च

आज चार वेळा गाडी बंद पडली आणि एकदा मीच बंद पडले. चढावर अर्ध्यात जाऊन ब्रेकवर पाय ठेवून बसले, पुढंही जाईना आणि मागंही येईना. हनीफभाई खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, घाबरून ऱ्हायल्या ना? घाबरा. पन पाय उचला."

दुसरा धडा, अनोळखी जागी आधी उतरायचं. पुढची वाट पायी चालून बघायची, दगड, खड्डा, ओल, सगळं डोळ्याखालून घालायचं, आणि मगच गाडी घालायची. त्यांचे वडील अर्धा कोस चालून यायचे म्हणे. मला चालायचा कंटाळा. मनात म्हटलं, चालतच जायचं तर गाडी कशाला घेतली? वर तोंड करून बोलले मात्र नाही.

परत आले तर आई एकटीच जेवून झोपली होती. माझं ताट झाकून ठेवलेलं. भाकरी गरम करून खाल्ली आणि तिचंही ताट घासून ठेवलं.

रविवार, २३ मार्च

आजचा दिवस मी म्हातारपणापर्यंत विसरणार नाही!

भोकरच्या पुढं, किनवटच्या अंगाला बोरदरी नावाची पंधरा-वीस घरांची वाडी आहे. जंगलाची हद्द तिच्या पलीकडे सुरू होते. अलीकडच्या गायरानातून एक कोरडा नाला जातो, नुसती पांढरी वाळू. वाळूत गाडी कशी चालवतात ते शिकायला आम्ही तिथं गेलो. चाकांतली हवा निम्मी केली, म्हणजे टायर पसरून वाळूवर तरंगतं. तेवढ्यात दुपारच्या नमाजाची वेळ झाली. हनीफभाई काठावरच्या मोहाखाली गेले आणि जाताना बजावलं, "मी येईस्तोवर खाली उतरू नका."

पण मला वाटलं, उपाशी माणूस, त्यात हे ऊन, त्यांना आणखी किती वेळ तिष्ठत ठेवायचं? निदान उतार तरी आपण होऊन पार करावा. उतार झकास उतरले. पुढं चाळीस पावलं गेले आणि गाडी बसली. घाबरून जोर दिला, तशी चाकं जागच्या जागी फिरून पार पोटापर्यंत रुतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग हनीफभाईंचं सांगणं आठवलं, की जॅकनं चाक उचलायचं आणि खाली चपटे दगड नाहीतर फळी सारायची. आणि नशीब बघा, वळणाच्या पलीकडे वीस पावलांवर दगडांचा एक गोल होता, कुणीतरी मांडून ठेवल्यासारखा. छान चपटे, हाताला गुळगुळीत दगड. वर बोरीच्या काट्या टाकलेल्या आणि एक सागाची फळी. गुराख्यांचा खेळ असावा. काट्या ओढून बाजूला केल्या, दोन्ही हात ओरबाडले, पण दगड एकेक करून वाहून आणले. मोजून अकरा. मधे कमरेएवढा खड्डा होता, तळाशी पाणी. रानडुकरं ओलीसाठी उकरतात असं ऐकलं होतं. दगड काढले तशी कडेची वाळू धडाधड आत घसरायला लागली, मी चटकन मागं सरले म्हणून वाचले.

दुसऱ्या प्रयत्नात गाडी बाहेर! कुणाच्या मदतीशिवाय! जॅकच्या ग्रीसनं हात काळे झाले होते. खड्डा तोवर अर्धा बुजला होता, तरी हात धुण्यापुरतं पाणी होतं, तेवढं बरं झालं. दगड आणि फळी तिथंच राहू दिली, पुढच्या फसणाऱ्याच्या कामी येतील.

हनीफभाई आले तेव्हा मी चाकाखाली घातलेले दगड पायानं दाखवत उभी होते. त्यांनी फोटो काढला. मग विचारलं, "फळी कुठून आनली?" पडली होती, म्हटलं. ते वळणाकडे जरा वेळ बघत राहिले. "चला," म्हणाले, "रोजा सोडायला घर गाठायचंय." बिचारे दमले होते.

आज मला कशाचंच अपराधी वाटलं नाही. कित्येक वर्षांत असा दिवस नव्हता.

सोमवार, २४ मार्च

नागसेननं फोटोवर तीन टाळ्या पाठवल्या. आईलाही मोठा करून दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला, माझ्याकडे नाही, माझ्या पायाशी. "हे दगड कुठले गं?" म्हणाली. नाल्यातले, म्हटलं. "आन् फळी?" तीही तिथलीच.

ती आत गेली. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. रविवारी एकटी ठेवते म्हणून धुसफुस असणार. येत्या रविवारी घरीच राहीन असं कबूल केलं, तर म्हणाली, "माझ्यासाठी ऱ्हाऊ नको बाई."

सोमवार, ३१ मार्च

ईद. हनीफभाईंकडे शीरखुर्मा प्यायला गेले. त्यांच्या बायकोनं, साबेराभाभीनं, वाटी दोनदा भरली. निघताना हनीफभाई दारापर्यंत आले आणि म्हणाले, "एकदा बोरदरीला जाऊन येऊ ताई. गाडी शिकाया न्हाई, असंच." मग कशाला, असं विचारलं तर "बगू" म्हणाले.

रविवार, १३ एप्रिल

आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रात्रीचे साडेनऊ झालेत, जमेल तसं लिहिते.

सकाळी बोरदरीला गेलो. नाल्यात न उतरता हनीफभाईंनी गाडी सरळ वाडीत घ्यायला लावली. वाटेत एक म्हातारा कावड घेऊन चालला होता, दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे. सत्तरी सहज ओलांडलेली. पायात तुटकी चप्पल, पावलागणिक डबे हिंदकळत होते. मी म्हटलं, बाबा, गाडीत ठेवा, पोचवते. त्यांनी मान हलवली आणि थांबलेसुद्धा नाहीत.

पहिल्या घरापाशी महानंदा नावाची बाई तांदूळ निवडत बसली होती. पस्तिशीची असेल, समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. मी पाणी मागितलं. तिनं आत जाऊन अर्धा पेला आणला आणि म्हणाली, "अर्धाच देऊन ऱ्हायले, राग मानू नका मॅडम. आमचा झिरा मोडला."

झिरा म्हणजे काय, मी विचारलं. खरंच विचारलं.

तिनं सांगितलं. उन्हाळ्यात नाला आटला की वाळूत खड्डा करतात, त्यात पाणी पाझरून येतं. वाळू ढासळू नये म्हणून भोवती चपटे दगड बसवतात. गुरं तोंड घालू नयेत म्हणून वर फळी आणि बोरीच्या काट्या. पहाटे बायका वाटीवाटीनं उपसून घागरी भरतात. बोरदरीचा झिरा वीस-बावीस वर्षं एकाच जागी होता, त्याचं पाणी मे संपेस्तोवर पुरायचं. या वर्षी मार्चमध्येच मोडला. मग तीन ठिकाणी खणून बघितलं, कुठं खडक लागला, कुठं कोरडी वाळू. आता दीड कोसावरच्या एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणतात.

"कुणी मोडला?" हनीफभाईंनी विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

"त्या सटवाजीबाबाच्या म्हशीनं. त्या सांजंला सुटली व्हती ती. सकाळी बाया गेल्या त झिऱ्यात निस्ते म्हशीचे खूर. दगडं पोरायनं खेळात नेले असतीन." मग वाडीचा नियम सांगितला. ज्याच्या जनावरानं झिरा मोडला, त्यानं नवं पाणी लागेपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाच घरी पाणी भरायचं. "आमी म्हनलं बाबा, ऱ्हाऊ द्या, तुमचं वय झालं. ऐकत न्हाई. माझ्या म्हशीचं पाप हाय म्हनतो."

मी तिच्या दाताकडे बघत होते. नजर कुठं ठेवायची ते सुचत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तिला माझे ओरबाडलेले हात दिसतील. ओरखडे केव्हाच बरे झालेत.

अर्धा पेला पाणी मी प्यायले. आभार मानले आणि गाडीत येऊन बसले. भोकर आलं. मग हनीफभाई म्हणाले, "मला त्याच दिवशी शक आला व्हता. खाली जाऊन बगायला पायजे व्हतं. रोज्याचं निमित्त करून गप बसलो. शिकवनारा मी, ताई. माझं नाव सांगा तिथं, माझी काही हरकत न्हाई."

आणि एक क्षणभर, हे लिहायलाच हवं, एक क्षणभर मला वाटलं, सांगावं का त्यांचंच नाव?

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. आई पांढरी साडी नेसली, आम्ही दोघी पुतळ्याला हार घालून आलो. रस्ताभर निळे झेंडे, ढोल, जागोजागी पाण्याचे जार भरून ठेवलेले. एका मुलीनं थंड पाण्याचा पेला हातात दिला. मी तो तसाच मागच्या बाईकडे दिला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती साडीच्या घड्या घालत होती. म्हणाली, "फोटू बगितला तवाच मला म्हाईत झालं. घागरी टेकवून टेकवून दगड तसा गुळगुळीत व्हतो."

मग बोलली का नाहीस, मी ओरडलेच तिच्यावर. जणू तिचाच गुन्हा.

ती घड्या घालता घालता सांगत गेली. तिच्या माहेरी, भोकरजवळच्या त्या खेड्यात, गावाचा झिरा वरच्या अंगाला असायचा आणि आपल्या लोकांचा खालच्या अंगाला. आपल्या लोकांनी वर जायचं नाही. दर उन्हाळ्यात दोन-तीनदा कुणीतरी मुद्दाम खालच्या झिऱ्यात बैल घालायचा. आई तेव्हा आठ वर्षांची, पहाटे आजीबरोबर जायची. "कोन बैल घालतंय ते मला दिसायचं. आमी काई बोलत नव्हतो, पन तोंडं बगून ठेवली व्हती. अजून वळखू येतीन."

माझे वडील मास्तर झाले, नांदेडला घर झालं, नळ आला. मला झिरा हा शब्दच माहीत नाही, याचा आईला इतकी वर्षं अभिमान वाटत होता, हे तिनंच सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुला तुझं दिसंल म्हनून थांबले. लई दिवस लागले तुला."

त्या माणसांनी जाणूनबुजून मोडला, मी अजाणता मोडला, असं मी स्वतःला दहा वेळा समजावलं. पण काल महानंदासमोर मी अजाण नव्हते.

शुक्रवार, १८ एप्रिल

नागसेनचा सल्ला: टँकर पाठव, नाव सांगू नकोस, पाण्याशी मतलब. "त्या लोकांना तुझ्या कबुलीजबाबाचं काय करायचंय?" बँकेतला माणूस, त्याला सगळं मिटवून टाकता येतं.

मी ऐकलं. किनवट रोडच्या एका टँकरवाल्याला फोन केला, दिवसाआड पाणी टाकायचं ठरलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. आईनं वाढलं, पण माझ्याजवळ बसली नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

हनीफभाई बोरदरीला जाऊन आले. टँकर येतो, वाडी खूश आहे, कुण्या पुढाऱ्यानं धाडला अशी बोलवा आहे. "पन म्हातारा कावड सोडंना. म्हनतो, टँकर देनाराचं पुन्य देनाराला, माझा दंड मला. रोज दोन खेपा करतोय, ताई. परवा वाटंत बसला व्हता छाती धरून."

म्हणजे माझ्या टँकरनं सगळ्यांची सोय झाली, माझी सगळ्यात जास्त, आणि ज्याची व्हायला हवी होती त्याची झालीच नाही.

रविवारी जाणार आहे. एकटीच जाते म्हटलं, तर हनीफभाई म्हणाले, "गाडी तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो."

रविवार, २७ एप्रिल

सांगितलं.

महानंदाच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. सटवाजीबाबा खांबाला टेकून बसले होते, कावड शेजारी. मी पाठ करून गेलेलं भाषण पहिल्या वाक्यातच विसरले. मग सरळ म्हटलं, झिरा म्हशीनं नाही, मी मोडला. दगड काढले, फळी काढली, काट्या ओढल्या. गाडी फसली होती म्हणून. पाण्यात ग्रीसचे हात धुतले. तेरा तारखेला इथं येऊन सगळं कळलं, तरी गप्प बसले. काट्या उघड्या राहिल्या म्हणूनच संध्याकाळी म्हैस आत गेली असेल.

मला वाटलं होतं शिव्या बसतील, बसल्या असत्या तर सोपं झालं असतं. महानंदा एवढंच म्हणाली, "आन् मी तुमाला पानी पाजलं."

हनीफभाईंनीही उठून आपला वाटा सांगितला. त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

सटवाजीबाबांनी विचारलं, "म्हैस जायच्या आदी मोडला व्हता?" हो, बाबा. "पक्कं?" पक्कं.

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हातांकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, आता हे माझ्यावर ओरडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ द्या बाई. ते माझ्याशी बोललेच नाहीत.

"मंग चांदीला म्या उगंच हानलं की," म्हणाले.

चांदी म्हणजे ती म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून. घरात जन्मलेली, नऊ वर्षांची. बाबांना बायको नाही, लेकरू नाही. त्या सकाळी त्यांनी तिला खुंट्याला बांधून काठी मोडेपर्यंत मारलं होतं, सगळ्या वाडीदेखत. नंतर रोज कावड घरी ठेवली की तिच्याकडे बघून शिव्या द्यायचे. पंधरा दिवसांपूर्वी भोकरच्या बाजारात विकून टाकली. गुन्हेगार जनावर दारात नको म्हणून.

"मुका जीव. तिला काय सांगता येतंय," असं दोनदा म्हणाले, आणि उठून घरात गेले. दार लावून घेतलं.

नियमाचं मीच विचारलं. महानंदानं कावड उचलून माझ्यापुढं ठेवली. दवाखान्याला आठवडाभर कुलूप. राहायला महानंदाकडे. टँकर बंद करा म्हटलं, तर ती म्हणाली, "टँकर कशाला बंद? मानसं पीत ऱ्हायलेत ते. तुमी पाच घरचं आना."

गुरुवार, १ मे, बोरदरी

पाचवा दिवस. खांदे सुजलेत. पहिल्या दिवशी अर्धं पाणी वाटेतच सांडलं, पोरी खो-खो हसल्या. आता कावडीचा ताल जमतो, पाय आपोआप डब्यांबरोबर चालतात. दुपारी नाल्यात खणायला हात लावते. काल हातभर खोल ओल लागली, बायकांनी चिमूटभर वाळू तोंडात घालून बघितली आणि आणखी खाली जा म्हणाल्या.

रात्री झोप छान लागते. हलकं वाटतं. महानंदाच्या सासूच्या दाढेला औषध लावलं, तिनं डोक्यावरून हात फिरवला. मला इथं बरं वाटायला लागलंय आणि त्याची लाज वाटते. कारण रोज पाचव्या घराला पाणी टाकून येताना सहावं दार बंद दिसतं. बाबा बाहेर येत नाहीत. मी त्यांच्या दारात एक डबा ठेवते, तो संध्याकाळी तसाच भरलेला असतो.

शनिवार, ३ मे

आज दार उघडलं. बाबा म्हणाले, "बाई, तुमची गाडी भोकरकडं जाती का?"

रविवार, ४ मे

चांदीला घेणारा माणूस बाजारातल्या एकानं ओळखला. त्यानं ती पुढं विकली होती. तिसऱ्या गावात पत्ता लागला, साखराबाई म्हणून एका विधवा बाईकडे. मी आधीच ठरवलं होतं, बाई म्हणेल ती किंमत द्यायची. वाटेत बाबांना तसं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी फडक्यात सरकीच्या पेंडीचा तुकडा बांधून आणला होता.

साखराबाई भली बाई निघाली. सगळं ऐकून म्हणाली, "घेऊन जा बाबा. घरचं जनावर हाय तुमचं. मी दुसरी बगंन." मला हायसं वाटलं, आनंदानं रडूच यायला लागलं. आता सगळं जागच्या जागी बसेल, असं वाटलं.

चांदी गोठ्यात चिंचेच्या सावलीला बांधली होती. अंगावर तेल चोपडलेलं, चांगली भरलेली. पाठीवर दोन जागी केस नव्हते, तिथं नवी कातडी आली होती. बाबांनी लांबूनच हाक मारली. तिचे कान उभे राहिले. ती वळली, बघितलं, आणि एक पाऊल मागं गेली. बाबांनी पेंडीचा हात पुढं केला, जीभ टाळ्याला लावून नेहमीचा आवाज काढला. ती आणखी मागं सरली, दावं ताणलं जाईपर्यंत, आणि तिथं मान वाकडी करून, पुढचे पाय रोवून उभी राहिली. अंग थरथरत होतं.

बाबा हात तसाच धरून उभे होते.

साखराबाई म्हणाली, "इसरली आसंल. दोन दिस ऱ्हावा हितं, वळखंल."

"वळखलं बाई," बाबा म्हणाले. "वळखलं म्हनून तर मागं सरली."

पेंड त्यांनी गव्हाणीत ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिले. ते पुरेसे लांब गेल्यावर चांदी पुढं आली आणि खायला लागली. ती खाऊन होईपर्यंत आम्ही थांबलो. मग बाबा साखराबाईला म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या तिला. बरी हाय हितं."

परतताना मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं. हे मी त्यांना एकट्याला असं म्हटलंच नव्हतं, सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते म्हणाले, "तुमी दगडं काढले, बाई. काठी माझ्याच हातात व्हती." आवाजात राग नव्हता.

तिकडं जाताना ते पुढं माझ्या शेजारी बसले होते. परतताना मागच्या सीटवर बसले, पुढं या म्हटलं तर नको म्हणाले. बोरदरी येईपर्यंत मी आरशात एकदाही बघितलं नाही.